चर्चच्या ‘फिश फ्राय’ला लहान मुलांना न्यायचं का? उपवासाला मासे कसे चालतात? सगळं समजून घ्या

फेब्रुवारी-मार्च आला की अमेरिकेत अनेक कॅथलिक चर्चबाहेर ‘शुक्रवारी फिश फ्राय, सर्वांचं स्वागत’ असे फलक लागतात. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीच्या आयटी पार्कमधून ऑनसाइट गेलेल्या कुटुंबांनाही शेजाऱ्यांकडून किंवा मुलांच्या मित्रांकडून त्याचं आमंत्रण येतं. मग प्रश्न पडतात. आपण ख्रिस्ती नाही, गेलं तर चालेल का? मुलांना तिथे प्रार्थना करावी लागेल का? आणि ती खाणार काय?

फिश फ्राय म्हणजे नेमकं काय?

चर्चच्या हॉलमध्ये होणारं हे सामुदायिक जेवण असतं. पिठात घोळून तळलेला कॉड किंवा पोलॉक मासा, फ्रेंच फ्राइज आणि कोबीचं कोलस्लॉ असं साधारण ताट असतं. स्वयंपाक आणि वाढप स्वयंसेवक करतात. अनेक ठिकाणी १८८२ मध्ये स्थापन झालेली ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही कॅथलिक संघटना पुढाकार घेते. जेवणाचे पैसे द्यावे लागतात आणि ते चर्चच्या, तिथल्या शाळेच्या किंवा मदतकार्याच्या खर्चाला जातात.

उपवासाला मासे कसे?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती लोकांचा प्रायश्चित्तकाळ असतो. येशूला क्रुसावर दिलं तो वार शुक्रवार, म्हणून या काळातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस सोडतात. त्यांच्या नियमात ‘मांस’ म्हणजे जमिनीवरच्या प्राण्या-पक्ष्यांचं. मटण, चिकन बंद, पण मासे आणि कोळंबी चालतात. आपल्याकडे एकादशीला भात चालत नाही, पण साबुदाण्याची खिचडी चालते, तसंच हे.

पूर्वी वर्षभर दर शुक्रवारी मांस वर्ज्य असे. अमेरिकेतल्या बिशपांनी १९६६ मध्ये ही सक्ती सैल केली, पण प्रायश्चित्तकाळातले शुक्रवार कायम ठेवले. मॅकडोनाल्ड्सचा ‘फिले-ओ-फिश’सुद्धा याच प्रथेतून आला. सिनसिनाटीजवळचे फ्रँचायझी मालक लू ग्रोएन यांचे बर्गर शुक्रवारी खपत नव्हते, म्हणून त्यांनी १९६२ मध्ये माशाचं सँडविच आणलं.

हा नियम लहान मुलांना लागू आहे का?

नाही. चर्चच्या कायद्यानुसार मांस सोडण्याचं बंधन वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी जेवण कमी करण्याचा उपवास १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी आहे. लहान मुलांना प्रायश्चित्ताचा अर्थ समजावून सांगावा, एवढीच अपेक्षा हा कायदा पालकांकडून आणि धर्मगुरूंकडून करतो. म्हणूनच कॅथलिक घरांतली छोटी मुलंही तिथे असतात आणि बऱ्याच ठिकाणी मुलांचं वेगळं, स्वस्त ताट मिळतं.

ख्रिस्ती नसलेल्यांनी गेलं तर?

चालतं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं जातात, तसंच इथेही कुणी धर्म विचारत नाही. काही चर्चमध्ये जेवणाच्या आधी किंवा नंतर ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना असते. तिला बसायचं की नाही, हे तुमच्यावर आहे. बसलात तर शांत बसणं पुरेसं. मिस्साला गेलात, तर मात्र कम्युनियनची भाकर घ्यायला रांगेत जाऊ नका. ती कॅथलिकांसाठीच असते.

मुलांना नेताना काय पाहायचं?

- काटे: मासा बहुतेक वेळा बिनकाट्याचा असतो, तरी बारीक काटा राहू शकतो. लहान मुलांना बोटांनी चाचपून, कुस्करून भरवा.
- अ‍ॅलर्जी: पिठात गहू, अंडं, दूध असू शकतं. त्याच तेलात कोळंबीही तळलेली असू शकते. वाढणाऱ्याला नव्हे, स्वयंपाकघरात विचारा.
- बिअर: काही ठिकाणी पीठ बिअरमध्ये भिजवतात आणि तळल्यावर अल्कोहोल पूर्ण उडतंच असं नाही. मुलांसाठी घेण्याआधी विचारा.
- शाकाहारी घरं: फ्रेंच फ्राइज माशाच्याच तेलात तळले आहेत का, ते विचारा. चीज पिझ्झा किंवा मॅकरोनी-चीज बऱ्याच ठिकाणी असतं. ‘क्लॅम चाउडर’ मात्र शिंपल्यांचं सूप आहे.
- किती द्यायचं: अमेरिकेच्या एफडीएच्या सल्ल्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलांना एका वेळी सुमारे २८ ग्रॅम, तर ४ ते ७ वर्षांच्या मुलांना सुमारे ५७ ग्रॅम मासा पुरतो. कॉड आणि पोलॉक हे कमी पाऱ्याचे मासे आहेत.
- गर्दी: रांगा मोठ्या असतात. सुरुवातीलाच पोहोचा आणि गरम तेलाच्या कढयांपासून मुलांना लांब बसवा.

मुलांना काय सांगायचं?

ताट भरलेलं, हॉलमध्ये गप्पांचा कल्ला, मग हा उपवास कसला, असं मूल विचारणारच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या घरात याचं उत्तर अवघड नाही. उपवास म्हणजे उपाशी राहणंच असं नाही, आवडीची एखादी गोष्ट ठरवून सोडणंही उपवासच. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आज मांस सोडलंय, एवढं निघण्याआधीच सांगितलंत, तर मूल त्या जेवणाकडे नुसती पार्टी म्हणून बघणार नाही.