स्वादुपिंडदाहाचे कोडे उलगडणारे युजीन ओपी

जठराच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्यालगत आडवे पसरलेले स्वादुपिंड हे साधारण १५ सेंटिमीटर लांबीचे इंद्रिय शरीरात दोन कामे करते. अन्नपचनासाठी लागणारे प्रभावी पाचकरस ते लहान आतड्यात सोडते आणि रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणारे इन्शुलिन थेट रक्तात मिसळते. या इंद्रियास दाह झाला की पोटाच्या वरच्या भागात असह्य वेदना सुरू होतात, त्या पाठीपर्यंत पसरतात आणि आजार तीव्र असल्यास रुग्णाच्या जिवावर बेतते. हा दाह नेमका कशाने होतो, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर शोधण्याचे श्रेय अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ युजीन लिंडसे ओपी (१८७३-१९७१) यांना दिले जाते. रोगग्रस्त शरीराच्या रचनेचा अभ्यास हाच ज्यांच्या संशोधनाचा पाया होता, अशा पिढीचे ते प्रतिनिधी होते.

ओपींच्या आधी

स्वादुपिंडदाह हा स्वतंत्र आजार म्हणून वैद्यकविश्वात मान्य होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. फ्रान्सचे विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५६ मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडात पित्त व तेल सोडून दाह घडवून आणला होता. १८८२ मध्ये बाल्सर यांनी या आजारात पोटातील चरबीवर उमटणाऱ्या पांढुरक्या मृत ठिपक्यांचे वर्णन केले. मात्र विखुरलेल्या निरीक्षणांना आजाराचे सुसंगत रूप दिले ते बोस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठातील विकृत शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेजिनाल्ड फिट्झ यांनी. आंत्रपुच्छाच्या दाहाचे, म्हणजे अपेंडिसायटिसचे, शास्त्रशुद्ध वर्णन १८८६ मध्ये करणारे फिट्झ ते हेच. १८८९ मध्ये त्यांनी ५३ रुग्णांच्या नोंदींच्या आधारे तीव्र स्वादुपिंडदाहाचे रक्तस्रावी, पूयुक्त आणि कोथयुक्त असे तीन प्रकार सांगितले व लक्षणांवरून हा आजार ओळखता येऊ शकतो, हे दाखवून दिले.

१८९६ मध्ये प्राग येथील हान्स कियारी यांनी पुढचे पाऊल टाकले. स्वादुपिंड स्वतःच्याच पाचकरसांनी स्वतःला पचवू लागते, असे प्रतिपादन त्यांनी केले. पाचकरस हे आतड्यात पोहोचल्यावरच कार्यरत व्हावेत, अशी शरीराची योजना असते. ती कोलमडते तेव्हा प्रथिने व चरबी विघटित करणारे हे रस खुद्द स्वादुपिंडावरच उलटतात. कल्पना पटण्याजोगी होती. पण ही योजना मुळात कोलमडते कशामुळे, हा प्रश्न अनुत्तरित होता.

बाल्टिमोरमधील जडणघडण

ओपी यांचा जन्म ५ जुलै १८७३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन येथे झाला. त्यांचे वडील थॉमस ओपी हे बाल्टिमोरमधील एका वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्याच वर्षी सुरू झालेल्या तेथील वैद्यकीय विद्यालयाच्या पहिल्याच तुकडीत त्यांनी प्रवेश घेतला आणि १८९७ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी सहाध्यायी विल्यम मॅकॅलम यांच्यासमवेत पक्ष्यांच्या रक्तातील हिवतापसदृश परजीवींचा अभ्यास केला. पदवीनंतर विल्यम वेल्च यांच्या विकृतिशास्त्र विभागात ते रुजू झाले. रुग्णशय्येजवळची निरीक्षणे, शवविच्छेदनातील नोंदी आणि प्रयोगशाळेतील प्रयोग यांची सांगड घालणारी शिस्त त्यांना तेथे लाभली.

१९०१ : एक खडा, दोन सिद्धान्त

पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडदाह हे अनेकदा एकाच रुग्णात आढळतात, याकडे ओपींचे लक्ष वेधले गेले होते. शरीररचनेच्या दृष्टीने त्यास कारणही होते. यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका या दोन्ही लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात जवळजवळ एकाच ठिकाणी उघडतात. बहुसंख्य व्यक्तींमध्ये त्या मुखाशी एकत्र येऊन लहानशी सामाईक पोकळी तयार होते. अब्राहम फाटर यांच्या नावाने ती ओळखली जाते.

या ठिकाणी अडकलेला खडा स्वादुपिंडाच्या नलिकेचे तोंड बंद करतो, रस तुंबतो आणि दाह सुरू होतो, असा पहिला तर्क ओपींनी १९०१ मध्ये मांडला. त्याच वर्षी त्यांनी दुसरा सिद्धान्तही मांडला. प्रख्यात शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी शस्त्रक्रिया केलेला तीव्र रक्तस्रावी स्वादुपिंडदाहाचा एक रुग्ण दगावला आणि त्याचे शवविच्छेदन ओपींनी केले. सामाईक पोकळीच्या मुखाशी त्यांना जेमतेम तीन मिलिमीटरचा खडा अडकलेला आढळला. तो बाहेर पडण्याइतका लहान नव्हता आणि संपूर्ण पोकळी व्यापण्याइतका मोठाही नव्हता. परिणामी आतड्याकडील वाट बंद झाली, मात्र दोन्ही नलिका एकमेकींना जोडलेल्या राहिल्या. आतड्यात जाऊ न शकणारे पित्त अशा स्थितीत उलट्या दिशेने स्वादुपिंडात शिरू शकते, हे त्यांनी ओळखले.

ओपी केवळ तर्कावर थांबले नाहीत. कुत्र्यांच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पित्त सोडून त्यांनी तशाच स्वरूपाचा रक्तस्रावी दाह निर्माण करून दाखवला. हॉलस्टेड यांनीही या रुग्णाची हकिकत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. ‘सामाईक नलिका सिद्धान्त’ म्हणून हे स्पष्टीकरण पुढे अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

मधुमेहाचे मूळ

याच काळात दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या अभ्यासातून ओपींच्या हाती आणखी एक महत्त्वाचा धागा लागला. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लँगरहान्स यांनी स्वादुपिंडातील वेगळ्या पेशीसमूहांचे, म्हणजे आज लँगरहान्स द्वीपके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांचे, वर्णन केले होते. त्यांचे कार्य मात्र त्यांना उमगले नव्हते. १८८९ मध्ये फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे सिद्ध केले. तरीही स्वादुपिंडातील कोणता भाग साखरेचे नियमन करतो, हे गूढच होते.

ओपींनी सूक्ष्मदर्शकाखाली जीर्ण दाहाचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात तंतुमय ऊती स्वादुपिंडाच्या खंडिकांभोवती वाढते आणि द्वीपके बहुतांशी शाबूत राहतात. अशा रुग्णांना सहसा मधुमेह नसतो. दुसऱ्या प्रकारात ती ग्रंथींच्या सूक्ष्म गुच्छांमध्ये शिरून द्वीपकांपर्यंत पोहोचते आणि मधुमेह जडतो. पाठोपाठ, स्वादुपिंडात द्वीपकांचाच प्रामुख्याने ऱ्हास झालेला मधुमेहाचा रुग्णही त्यांच्या पाहण्यात आला. द्वीपकांची हानी म्हणजे मधुमेह, हा त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधकांना दिशादर्शक ठरला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले, त्या वाटचालीतील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

या साऱ्या संशोधनाचे सार ओपींनी १९०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

प्राध्यापकीची तीन शहरे

१९०४ मध्ये ओपी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. दाहाच्या ठिकाणी गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशींतही प्रथिने पचवणारी विकरे असतात, हे त्यांनी तेथे दाखवले. १९१० मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तेथील वैद्यकीय विद्यालयाच्या पुनर्रचनेच्या काळात त्यांनी अधिष्ठातापदही सांभाळले. पहिल्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत असताना १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीतील न्यूमोनियाचा त्यांनी सहकाऱ्यांसह सखोल अभ्यास केला. इन्फ्लुएन्झापाठोपाठ होणारा जीवाणूंचा संसर्ग किती घातक ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९२३ मध्ये फिलाडेल्फियातील फिप्स संस्थेची सूत्रे त्यांनी स्वीकारली आणि क्षयरोग हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय बनला. एकाच घरातील रुग्णाकडून मुलांपर्यंत हा संसर्ग कसा पोहोचतो, याचा त्यांनी क्ष-किरण तपासणीच्या साह्याने मागोवा घेतला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९३२ ते १९४१ या काळात ते न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. निवृत्तीनंतरही रॉकफेलर संस्थेतील प्रयोगशाळेत त्यांचे काम सुरू राहिले. नव्वदी ओलांडल्यावरही त्यात खंड पडला नाही. १२ मार्च १९७१ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सिद्धान्ताची फेरतपासणी

ओपींच्या सिद्धान्तावर आक्षेपही घेतले गेले. अनेक व्यक्तींमध्ये दोन नलिकांचा सामाईक भाग इतका आखूड असतो की, खडा अडकल्यास दोन्ही नलिका एकाच वेळी बंद व्हाव्यात. शिवाय सामान्य स्थितीत स्वादुपिंडाच्या नलिकेतील दाब पित्तनलिकेपेक्षा अधिक असतो. मग पित्त उलटे वाहील कसे, असा प्रश्न विचारला गेला. १९९३ मध्ये ओपॉसम या प्राण्यावर झालेल्या प्रयोगांत पित्त आत शिरले नाही तरी केवळ स्वादुपिंडाची नलिका बंद केल्याने तीव्र दाह होतो, असे आढळले. म्हणजे ओपींचा पहिला, काहीसा विस्मृतीत गेलेला तर्क अधिक बळकट ठरला.

खडा हाच अनेक रुग्णांत आजाराचे निमित्त असतो, या त्यांच्या मूळ निरीक्षणास मात्र धक्का लागला नाही. १९७४ मध्ये अर्जेंटिनातील आकोस्ता व लेदेस्मा यांनी पित्तखड्यांमुळे स्वादुपिंडदाह झालेल्या ३६ रुग्णांच्या विष्ठेची तपासणी केली. ३४ जणांमध्ये खडे मिळाले. खडा मुखाशी क्षणिक अडकून पुढे सरकला तरी दाह सुरू होऊ शकतो, असा याचा अर्थ. शस्त्रक्रियेत वा शवविच्छेदनात खडा सापडत नव्हता, याचा उलगडाही त्यातून झाला.

कियारी यांच्या स्वपचनाच्या कल्पनेसही १९९६ मध्ये जनुकीय आधार मिळाला. डेव्हिड व्हिटकॉम्ब व सहकाऱ्यांनी आनुवंशिक स्वादुपिंडदाह असलेल्या कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातील दोष शोधला. भारतात, विशेषतः केरळमध्ये, तरुण वयात स्वादुपिंडात खडे व मधुमेह निर्माण करणारा जीर्ण दाह पूर्वीपासून ज्ञात होता. अशा रुग्णांत ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदल लक्षणीय प्रमाणात आढळत असल्याचे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. जीर्ण दाहातून मधुमेहाकडे जाणारी जी वाट ओपींनी सूक्ष्मदर्शकातून पाहिली, तिचेच हे भारतीय रूप म्हणता येईल.

आजचे उपचार आणि ओपींचा वारसा

ओपींच्या तरुणपणी या आजाराचे निदान प्रामुख्याने पोट उघडल्यावर वा मृत्यूनंतरच होत असे. १९२९ मध्ये रॉबर्ट एल्मन व सहकाऱ्यांनी रक्तातील अमायलेज मोजण्याची चाचणी रूढ केली आणि चित्र पालटले. हे काम ओपींनी पूर्वी अध्यापन केलेल्या सेंट लुईसच्या विद्यापीठातच झाले. २०१२ मध्ये सुधारित केलेल्या अटलांटा निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी आढळल्यास तीव्र स्वादुपिंडदाहाचे निदान केले जाते : पोटातील विशिष्ट वेदना, रक्तातील अमायलेज वा लायपेजचे प्रमाण कमाल सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट असणे आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारी चिन्हे.

पित्तखडे व मद्यपान ही आजही या आजाराची दोन प्रमुख कारणे आहेत. खड्यांमुळे सौम्य दाह झालेल्या रुग्णाचे पित्ताशय त्याच रुग्णालयीन मुक्कामात काढून टाकावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलल्यास खड्यांशी निगडित तक्रारी पुन्हा उद्‍भवण्याचा धोका वाढतो, हे नेदरलँड्समधील २०१५ च्या चाचणीत दिसून आले. दाह ओसरला म्हणून पित्ताशयातील खडे तसेच ठेवणे धोक्याचे ठरू शकते, ते यामुळेच. पित्त उलटे वाहते की नलिका तुंबते, यावरील चर्चा पुढे कितीही सूक्ष्म झाली, तरी उपचारांची ही दिशा बाल्टिमोरमधील त्या तीन मिलिमीटरच्या खड्यापासूनच सुरू होते.