पुठ्ठ्याची गिटार

सुतार घरी बोलावणे आणि घरातच सुतार असणे या दोन निरनिराळ्या आपत्ती आहेत. बोलावलेला सुतार निदान संध्याकाळी रंधा-पटाशी पिशवीत घालून चालू लागतो. घरचा सुतार जेवायलाही तसाच बसतो आणि त्याच्या केसांतला भुसा आमटीत पडतो. त्यातून त्याला कपाटाऐवजी वाद्य करायची लहर आली तर बघायलाच नको. कपाट कसे झाले ते दार लागते की नाही यावरून कळते. वाद्य कसे झाले ते, चार-सहा महिने खपून, तारा चढवून खुंट्या पिळीपर्यंत प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही कळत नाही. आणि कळते तेव्हा शेजाऱ्यांनाही कळते.

असे असूनही, दुकानात तयार गिटारी टांगलेल्या असताना, जगभर कितीतरी माणसे माळ्यावर, गॅरेजमध्ये, जिन्याखालच्या अडगळीत बसून गिटारी बनवत असतात. त्यांत डॉक्टर असतात, मास्तर असतात, पेन्शनीत निघालेले कारकून असतात. त्यांना हे काम कुणी शिकवलेले नसते, आणि परवानगी तर घरच्यांनीसुद्धा दिलेली नसते. या उद्योगाला काही घराणे, काही कुळी आहे की नाही ते बघावे म्हणून मी इतिहासात डोकावलो, तर तिथे दारातच भांडण चाललेले!

भांडण जर्मनीतले. सॅक्सनीत मार्कनॉयकिर्शेन नावाचे गाव आहे. (उच्चार जमला नाही तर सोडून द्या, गावाची काही हरकत नसावी.) तिथे व्हायोलिन करणाऱ्यांचा एक संघ होता आणि कपाटे-खुर्च्या करणाऱ्या सुतारांचा दुसरा. हे सुतार गिटारीही करू लागले. १८२६ च्या सुमाराला व्हायोलिनवाल्यांनी सरकारदरबारी तक्रार गुदरली, की वाद्ये करायचा हक्क आमचा. ही टेबल-खुर्चीवाली मंडळी मध्ये कुठून आली? म्हणजे हलवायांनी भजीवाल्यांवर फिर्याद करावी तसला प्रकार. वाद काही वर्षे चालला. निकाल शेवटी सुतारांच्या बाजूने लागला, पण तोवर ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन नावाचा एक सुतार या कटकटीला कंटाळला होता. व्हिएन्नातल्या योहान श्टाउफर या नामांकित कारागिराच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस १८३३ साली बायकापोरे घेऊन सरळ न्यूयॉर्कला निघून गेला. त्याच्या नावाची कंपनी पेनसिल्व्हेनियात अजून गिटारी करते आहे. हुसकावून लावलेला माणूस पुढे काय करील याचा नेम नसतो.

पण प्रश्न राहिलाच. वाद्य करायचा अधिकार कुणाचा? सनद असेल त्याचा? उंची लाकूड ज्याला परवडते त्याचा? की रंधा धरता येणाऱ्या कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याचा? याचे उत्तर ज्याने दिले तोही सुतारच होता. फक्त स्पेनमधला.

अंतोनिओ द तोरेस १८१७ साली अल्मेरियाजवळच्या एका खेड्यात जन्माला आला. लहानपणीच सुतारकामाला लागला. पुढे लवकर लग्न, लवकर मुली, लवकर कर्ज, असा सगळाच संसार त्याने घाईने उरकला. दोन मुली गेल्या, तरुण बायको क्षयाने गेली. मग तो सेव्हिल शहरात आला आणि गिटारी करू लागला. हुलियान आर्कास या त्या काळच्या नावाजलेल्या वादकाने त्याला उत्तेजन दिले, आणि १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला ब्राँझचे पदकही मिळाले.

त्याने केले काय, हे समजायला गिटारीच्या पोटात शिरले पाहिजे. नुसती तार छेडली तर तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. तार थरथरते, तिची थरथर घोडी खालच्या फळीला देते आणि ती फळी हवा हलवते. आपल्या सतारीला जशी तबली, तशी गिटारीला ही पुढची फळी. ती स्प्रूसच्या लाकडाची, जाडीला दोन-अडीच मिलिमीटर. आणि तिच्यावर चिकटवलेल्या घोडीला सहा तारा मिळून ओढतात सुमारे चाळीस किलोच्या जोराने. म्हणजे सिमेंटच्या पोत्याला दहाच किलो कमी! फळी जाड ठेवली तर टिकते, पण बोलत नाही. पातळ केली तर बोलते, पण टिकत नाही. (हा पेच केवळ लाकडापुरताच आहे असे अनुभवी संसारी माणसाने समजू नये.) यावर तोड म्हणून फळीला आतून बारीक पट्ट्या लावतात. त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरून लावायची युक्ती तोरेसच्या आधीपासून स्पेनमध्ये होती. तोरेसने फळी मोठी केली, पातळ केली, तिला किंचित फुगवटा दिला आणि सात पट्ट्यांचा पंखा असा नेमका बसवला, की आजही मैफलीतली बहुतेक गिटार मूळ त्याच्याच बांध्याची असते.

लोक मात्र लाकडावरच अडून बसले होते. पाठ शिसवीची हवी की सायप्रसची, बाजू कसल्या हव्यात, रोज वाद. आपल्याकडे तंबोऱ्याचा भोपळा कुठल्या गावचा यावर रात्रभर बोलणारे लोक आहेत, त्यांतलेच हे. तोरेसने वाद घातला नाही. १८६२ साली त्याने एक गिटार केली. पुढची फळी नेहमीसारखी स्प्रूसची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज फळीत आहे बाबांनो, बाकीचे खोके आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. आता ती वाजवण्यासारखी राहिलेली नाही. पण मुद्दा एकदा पटल्यावर पुरावा बोलता राहिलाच पाहिजे असे थोडेच आहे?

१८६९ मध्ये त्याच्याकडे फ्रान्सिस्को तारेगा नावाचा पोरगेलासा वादक गिटार विकत घ्यायला आला. तोरेसने त्याच्या ऐपतीकडे बघून एक साधी गिटार हातात दिली. पोराने ती वाजवली. तोरेस उठला, आत गेला, आणि १८६४ साली स्वतःसाठी करून ठेवलेली गिटार आणून त्याला दिली, असे सांगतात. पुढे हाच तारेगा गिटारवादनाचा मोठा आचार्य झाला आणि तोरेसच्या गिटारीचे नाव त्याच्याबरोबर सगळीकडे पोचले.

आता इथे कादंबरी असती तर तोरेस श्रीमंत झाला असता. इतिहास असल्यामुळे त्याने पुढल्याच वर्षाच्या सुमाराला सेव्हिलचे चंबूगवाळे आवरले, अल्मेरियाला परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान काढले! स्पेनमधला सर्वांत श्रेष्ठ गिटारकार गिऱ्हाइकांना कपबशा विकत बसला. मला मात्र वाटते, त्याचे बोट तिथेही स्वस्थ बसले नसेल. कपाला तडा गेला आहे की नाही हे टिचकी मारून, कान देऊनच बघावे लागते.

१८७५ मध्ये त्याने घरी पुन्हा हत्यारे काढली. नव्या गिटारींच्या लेबलांवर त्याने ‘दुसरा कालखंड’ असे छापून घेतले. एरवी माणसाच्या आयुष्याचे कालखंड पाडायला प्राध्यापक लागतात आणि तो माणूस आधी मरावा लागतो. तोरेसने ते काम स्वतःच उरकले. १८८३ साली दुसरी बायकोही वारली. मग दुकान गेले आणि गिटारीच राहिल्या. वर्षाला साधारण डझनभर. उतारवयात अंगातली ताकद गेली, तेव्हा ओळखीचा एक तरुण पाद्री त्याला हातभार लावायला येई.

या पाद्रीने पुढे १९३१ साली लिहिलेल्या पत्रात एक आठवण सांगितली आहे. तोरेसने शिष्य तयार केला नव्हता, आणि त्याचे काही गुपित आहे अशी सगळीकडे बोलवा. तेव्हा हे गुपित असेच बरोबर नेणार का, असे त्याला विचारण्यात आले. तोरेसचे उत्तर असे, की नेण्यावाचून इलाज नाही. कारण ते अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे. फळी पुरेशी तासली गेली की नाही ते ही दोन बोटे सांगतात. बोटे कुणाला देऊन जाणार? १८९२ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि बोटे त्याच्याबरोबर गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माद्रिदमध्ये १९३२ साली जन्मलेला होसे रोमानिल्योस हा फर्निचरचे काम शिकलेला माणूस १९५६ मध्ये पोटासाठी इंग्लंडला गेला आणि एका इस्पितळात नोकरीला लागला. त्याला वाजवायला गिटार हवी होती. १९६० च्या सुमाराला त्याने ती घरीच केली, लंडनमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. या इतिहासात मला खरा आदर वाटतो तो त्याच्या पत्नीबद्दल. आमच्याकडे त्या टेबलावर मी वर्तमानपत्र पसरले तरी पोळपाट आपटल्याचा आवाज येतो. ज्यूलियन ब्रीम या जगप्रसिद्ध वादकाने पुढे रोमानिल्योसला आपल्या जागेत कारखाना थाटू दिला, आणि त्याने १९७३ साली केलेली गिटार स्वतः वर्षानुवर्षे मैफलींत वाजवली.

मग रोमानिल्योसने तोरेसचा माग काढला. सापडतील तेवढ्या गिटारी शोधल्या, मोजल्या, दप्तरे धुंडाळली आणि १९८७ साली तोरेसचे चरित्र छापले. फळीची जाडी कुठे किती, पट्ट्या कुठे कशा, सगळे त्यात आहे. चाळीस वर्षे झाली, आता कुणीही उठावे आणि तोरेसची गिटार करावी. कागदावर सगळे आहे!

आणि तरी होत नाही. झाडे वेगळी, फळी वेगळी. दोन फळ्या एकाच मापाला तासल्या तर एक बोलते आणि दुसरी नुसती ठक्क म्हणते. पुस्तक दोन मिलिमीटरपर्यंत आणून सोडते. रंध्याचा पुढचा एक हात मारायचा की थांबायचा हे ज्याचे त्याने वाकवून, चाचपून, टिचकी मारून ठरवायचे. २०२२ साली रोमानिल्योसही गेला, आणि त्याचीही बोटे त्याच्याबरोबरच गेली असणार.

मार्कनॉयकिर्शेनच्या व्हायोलिनवाल्यांना हेच कळले नाही. हा हक्क संघाला देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. बापाकडून मुलाला मिळत नाही, पुस्तकातून पुरता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या दोन बोटांना पहिल्यापासून शिकवायचे असते, आणि त्यासाठी जागा लागते एका टेबलापुरती. तेव्हा तुमच्या शेजारी कुणी मध्यरात्री फळीवर टिचक्या मारत बसलेला ऐकू आला, तर भिंत ठोकू नका. तो फळीचे म्हणणे ऐकतो आहे. त्यात तुमचे मिसळले तर त्याचा हात चुकेल, आणि ती गिटार जन्मभर तुम्हालाच ऐकायची आहे.