अख्त्या घोड्याचा आवाज

मंडळी, मी जामुलहून बोलतोय. आमच्या गावाची आजची ओळख सिमेंट कारखाना. पण या छत्तीसगडात मराठी अंमल आला तो घोड्यावरून. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांनी रतनपूर जिंकले. पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांनी तिथूनच कारभार केला.

मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. तो घोडा गमावला की शिलेदाराची रोजीरोटीच अडचणीत. त्यामुळे घोड्याच्या बारीकसारीक आवाजाकडेही त्याला कान द्यावा लागत असणार.

बारगीर, शिलेदार यांच्यासारखाच 'अख्ता' हाही फारसीतून आलेला शब्द. अख्ता म्हणजे खच्ची केलेला घोडा. दुडक्या चालीत त्याच्या पोटाखालून कधीकधी 'गचक्-गचक्' ऐकू येते. पोटात पाणी हिंदकळतेय, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. लिंगावरच्या कातडीच्या खोळीत हवा आत-बाहेर होते, त्याचा तो आवाज. घोडा अंग ताठ धरून चालला की तो बहुधा वाढतो, अंग सैल सोडले की कमी होतो. घोडीला ही खोळच नसते. दौडताना श्वासाची घरघर होणे मात्र वेगळे: तिथे बरेचदा स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस निकामी झालेली असते.

म्हणून गचगच ऐकू आली तर चाबूक उचलू नका. लगाम ढिला करा, खोगीर बोचतेय का पाहा. खोळ सुजली असेल तर पशुवैद्याला दाखवा.

पुढच्या भागात याच खोगिराकडे वळू.