कुंपणाजवळचा धोतरा

वागळे इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याच्या कुंपणाजवळ धोतरा फुललाय. ‘हॅरी पॉटर’मध्ये दगड झालेली मुलं मॅन्ड्रेकच्या काढ्यानं जागी होतात, मॅन्ड्रेक आणि धोतरा एकाच कुळातले, वांग्याच्या. ‘चंद्रकांता’ (१८८८) या हिंदी कादंबरीतले ऐयार शत्रूला भूल देतात. त्याच शतकात चोर वाटसरूंच्या खाण्यात धोतरा मिसळून खरोखर लुटत. दोन्ही झाडांत अॅट्रोपिन असतं.

२०१७मध्ये यवतमाळात फवारणीची विषबाधा झाली, तेव्हा मामाही दवाखान्यात होता. त्याच्या शिरेतून दिलं ते अॅट्रोपिनच. गोष्टीत काढ्याचं माप कुणी विचारत नाही. इथे डॉक्टर नाडी नि छाती तपासत डोस ठरवत होते.

मामा वाचला. या फुलाला मात्र मी हात लावत नाही.