रंगसिद्धांताचा इतिहास

रंगसिद्धांत म्हणजे रंगांची उत्पत्ती, त्यांचे मिश्रण, परस्परसंबंध आणि दृष्टीवर होणारा परिणाम यांविषयीच्या नियमांचा अभ्यास होय. चित्रकला, रंगाईचा व्यवसाय, भौतिकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या भिन्न क्षेत्रांत हा विषय विकसित झाला. पिवळे व निळे रंगद्रव्य एकत्र केल्यास हिरवा रंग मिळतो. मात्र पिवळा व निळा प्रकाश पांढऱ्या पडद्यावर एकत्र पाडल्यास तो जवळपास पांढरा दिसतो. या विसंगतीमुळे ‘मूळ रंग कोणते’ या प्रश्नावर चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांची उत्तरे दीर्घकाळ वेगळी राहिली. तिचा उलगडा १९ व्या शतकाच्या मध्यात झाला.

प्राचीन विचार

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याच्या परंपरेत सर्व रंग प्रकाश व अंधार, म्हणजेच पांढरा व काळा, यांच्या कमी-अधिक मिश्रणातून निर्माण होतात असे मानले जाई. हा विचार युरोपात १७ व्या शतकापर्यंत प्रभावी होता. भारतात भरतमुनींच्या नावे असलेल्या नाट्यशास्त्रात पात्रांच्या रंगभूषेच्या संदर्भात पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार स्वाभाविक वर्ण सांगितले आहेत. पांढरा व तांबडा यांपासून पद्म, पिवळा व निळा यांपासून हरित, तर तांबडा व पिवळा यांपासून गौर वर्ण होतो, असे मिश्रणाचे नियमही त्यात आढळतात. हे नियम प्रत्यक्ष रंगद्रव्ये हाताळण्याच्या अनुभवाशी जुळतात.

न्यूटनचे प्रयोग

आयझॅक न्यूटन याने १६६६ च्या सुमारास काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश नेऊन त्याचा वर्णपट मिळवला. लोलक प्रकाशाला रंग देतो, ही तेव्हाची समजूत त्याने खोडून काढली. वर्णपटातील एकाच रंगाचा किरण दुसऱ्या लोलकातून नेला असता त्याचा रंग बदलत नाही, आणि सर्व किरण पुन्हा एकत्र केल्यास पांढरा प्रकाश मिळतो, हे त्याने दाखवले. हे निष्कर्ष त्याने १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. ‘ऑप्टिक्स’ हा त्याचा ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात रंग वर्तुळावर मांडलेले आहेत. सात ही संख्या संगीतातील स्वरांच्या साम्यावरून आली होती. प्रत्यक्ष वर्णपटात रंगांच्या सीमा अशा स्पष्ट नसतात.

रंगद्रव्ये आणि छपाई

जर्मनीत जन्मलेला मुद्रक याकोब क्रिस्टॉफ ल ब्लाँ याने १८ व्या शतकाच्या आरंभी तांबडा, पिवळा व निळा या तीन रंगांच्या स्वतंत्र ठशांनी चित्रे छापण्याची पद्धत विकसित केली. पदार्थांचे रंग एकत्र केल्यास काळेपणाकडे जातात, तर न्यूटनने अभ्यासलेले प्रकाशाचे रंग एकत्र केल्यास पांढरा होतो, हा फरक त्याने नोंदवला होता. मात्र त्याचे कारण तेव्हा ज्ञात नव्हते.

डोळ्याचा सहभाग

योहान वोल्फगांग फोन ग्योथे याने १८१० मध्ये रंगांविषयी विस्तृत ग्रंथ लिहून न्यूटनला विरोध केला. भौतिकशास्त्राने त्याचे स्पष्टीकरण स्वीकारले नाही. परंतु रंगीत सावल्या आणि एखाद्या रंगाकडे टक लावून पाहिल्यानंतर दिसणारी पूरक रंगाची प्रतिमा यांविषयीची त्याची निरीक्षणे मोलाची ठरली.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल हा १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या कापडातील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासणीत काळ्या रंगात दोष आढळला नाही. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. यातून त्याने मांडलेला रंगविरोधाचा नियम १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे जॉर्ज सरा याने ‘ला ग्रांद जात’ बेटावरील रविवारच्या प्रसिद्ध चित्रात (१८८४–८६) शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवून अशा विचारांचा उपयोग केला.

जॉन डाल्टन याने १७९४ मध्ये स्वतःच्या रंगांधत्वाचे वर्णन केले. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्याची इच्छा होती. १८४४ मध्ये तपासणी झाली तेव्हा द्रव स्वच्छ आढळला. जतन केलेल्या डोळ्यातील डीएनएच्या परीक्षणातून १९९५ मध्ये खरे कारण कळले: मध्यम तरंगलांबीच्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंजकद्रव्य त्याच्या दृष्टिपटलात नव्हते.

विसंगतीचा उलगडा

थॉमस यंग याने १८०१–०२ मध्ये दृष्टिपटलात केवळ तीन प्रकारचे ग्राहक असावेत, अशी कल्पना मांडली. म्हणजे तीन ही संख्या प्रकाशाचा नव्हे, तर डोळ्याचा गुणधर्म ठरत होती. हर्मान फोन हेल्महोल्ट्झ याने १८५२ मध्ये मिश्रणाचे दोन प्रकार वेगळे केले. रंगीत प्रकाश एकत्र आल्यास त्यांची बेरीज होते. रंगद्रव्ये मात्र प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात, त्यामुळे तेथे वजाबाकी होते. पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषते, निळे द्रव्य तांबडा व पिवळा शोषते. दोघांतून सुटून डोळ्यापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने हिरवा.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने फिरत्या तबकड्यांच्या साहाय्याने मिश्रणाची मोजमापे केली. १८६१ मध्ये लंडनमध्ये त्याने तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली एका फितीची छायाचित्रे एकत्र प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखवली. एवाल्ड हेरिंग याने १८७० च्या दशकात तांबडा–हिरवा, पिवळा–निळा व काळा–पांढरा अशा विरोधी जोड्यांचा सिद्धांत मांडला. तीन प्रकारच्या शंकुपेशींचे प्रत्यक्ष मापन १९६० च्या दशकात झाले. आज दोन्ही सिद्धांत परस्परपूरक मानले जातात: तीन ग्राहक दृष्टीच्या पहिल्या टप्प्याचे, तर विरोधी जोड्या नंतरच्या टप्प्याचे वर्णन करतात.

मापन आणि आधुनिक उपयोग

अमेरिकन चित्रकार व शिक्षक आल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता या तीन गुणांवर आधारित वर्गीकरण प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये प्रमाणित निरीक्षकाची संकल्पना स्वीकारली. ती राइट व गिल्ड यांनी एकूण १७ व्यक्तींवर घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेली होती.

दूरचित्रवाणी आणि संगणकाचे पडदे तांबडा, हिरवा व निळा प्रकाश वापरतात. छपाईत निळसर हिरवा (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळा व काळा अशी शाई वापरतात. चित्रकलेच्या प्राथमिक शिक्षणात तांबडा, पिवळा व निळा ही जुनी त्रयी अजूनही प्रचलित आहे. त्यामुळे मूळ रंगांची कोणतीही यादी मिश्रणाच्या माध्यमाशी जोडूनच समजून घ्यावी लागते.