पंचवीस अक्षरांचा आळ

आमच्या पिशोरला कुणी अचानक गेलं की निदान एकच, "हार्ट फेल झालं." मग तो अटॅक असो, लकवा असो, नाहीतर आणखी काही. आमचे काका गेले तेव्हाही सगळे हेच म्हणाले. गंमत म्हणजे त्यांच्या बाबतीत ते खरं होतं. वर्षभर दम लागायचा, पाय सुजायचे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, रक्त ढकलायला ते कमी पडणं.

मागच्या महिन्यात काकांच्या मुलाने कुणाच्यातरी सांगण्यावरून जनुकांची तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: एमवायबीपीसी-३ या जनुकात २५ अक्षरं गहाळ. त्याने नेटवर शोधलं आणि रात्री साडेअकराला मला फोन. "दादा, हे तर खानदानी निघालं. आता पोरीच्या सोयरिकीचं कसं करायचं?"

मी प्रोग्रॅमर, डॉक्टर नव्हे. पण एखादा बग कुणी, कधी आणि कसा शोधला हे वाचायची मला खोड आहे. दोन-तीन शनिवार-रविवार त्यात गेले, आणि ह्यू वॉटकिन्स या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञाची गोष्ट हाती लागली. आपल्या या जनुकाच्या इतिहासात हा माणूस दोनदा येतो. एकदा सुरुवातीला, आणि मग २५ वर्षांनी.

सुरुवात कॅनडातली. क्यूबेक प्रांतातल्या कोटिकूक गावात एका कुटुंबात पिढ्यान् पिढ्या माणसं अचानक दगावायची. डॉक्टरांनी त्या घराण्याची नीट वंशावळ मांडली आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. पुढे बोस्टनमध्ये ख्रिस्तीन सीडमन (हृदयरोगतज्ज्ञ) आणि त्यांचे पती जोनाथन (जनुकशास्त्रज्ञ) यांच्या गटाने याच घराण्यावर काम केलं. १९८९ मध्ये दोष १४व्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, १९९० मध्ये नेमकी चूक सापडली. स्नायूतल्या मायोसिन प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं!

वॉटकिन्स त्या काळात याच प्रयोगशाळेत होते. सगळ्या घराण्यांत मायोसिनचाच दोष नव्हता, म्हणून शोध चालू राहिला. १९९५ मध्ये ११व्या गुणसूत्रावरचं एमवायबीपीसी-३ सापडलं. त्याच वेळी एका फ्रेंच गटालाही तेच सापडलं. या जनुकापासून बनणारं प्रथिन हृदयाच्या आकुंचनावर ब्रेकसारखं काम करतं. १९९६ पासून वॉटकिन्स ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले.

आता आपल्याकडे येऊ. याच जनुकात २५ अक्षरं गहाळ असलेली दोन भारतीय कुटुंबं २००० च्या सुमारास आढळली होती. मदुराईचे पेरुन्दुराई धंडपाणी, हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पकडला. हृदयस्नायूचा आजार असलेले आणि निरोगी, असे मिळून सुमारे दीड हजार लोक तपासले. २००९ मध्ये निष्कर्ष आला: ही चूक असलेल्यांना धोका सुमारे ७ पट, आणि भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत ती आहे. म्हणजे एसटीच्या भरलेल्या गाडीत दोघंजण! पेपरांत मोठे मथळे आले. माझ्या भावाने रात्री साडेअकराला वाचलं ते हेच.

पण इथे एक गोष्ट खटकते. चूक एवढी घातक आणि एवढी कॉमन असेल, तर ती बाळगणारे बहुतेक लोक धडधाकट कसे? एक उत्तर असं दिलं गेलं की तरुणपणी पेशी सदोष प्रथिन साफ करतात, वय वाढलं की ते साचतं.

दुसरं उत्तर २०२० मध्ये ऑक्सफर्डहून आलं, आणि त्या गटात पुन्हा वॉटकिन्स होते. त्यांनी दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांत हे जनुक अख्खं वाचलं. २५ अक्षरं गहाळ असलेल्यांपैकी थोड्याच लोकांत, त्याच जनुकात बरंच दूर, आणखी एक अक्षर बदललेलं होतं. प्रथिनाच्या कामाच्या भागात नाही, त्याच्या ५२ अक्षरं आधी. त्या एका अक्षरामुळे जनुकाचा मजकूर चुकीच्या जागी जोडला जातो. हे दुसरं अक्षर ठीक असेल तर नुसत्या २५ अक्षरांमुळे स्नायू जाड होण्याचा धोका फारसा वाढत नाही!

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सर्व्हर पडतो, प्रत्येक वेळी लॉगमध्ये तीच वॉर्निंग दिसते, आपण तिच्यावर खापर फोडतो. खरा गुन्हेगार तिच्यासोबत येणारा दुसराच. २००९ चं काम त्यामुळे वाया गेलं असं नाही हं. त्यांनी जागा दाखवली म्हणूनच पुढे कुणीतरी तिथे खणलं. इतर प्रकारच्या हार्ट फेल्युअरमध्ये या २५ अक्षरांचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. वॉटकिन्सही थांबलेले नाहीत. २०२२ मध्ये सदोष जनुकच दुरुस्त करण्याच्या प्रकल्पासाठी त्यांना आणि सीडमन यांना ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने ३ कोटी पौंड दिले.

भावाला मी तीन गोष्टी सांगितल्या. हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि इको करून घे. ते दुसरं अक्षर तपासलंय का, हे लॅबला विचार. आणि आजोबांपासून कोण कितव्या वर्षी, कशाने गेलं, ते एका वहीत लिही. कोटिकूकचा शोधही अशाच यादीपासून सुरू झाला होता.

इको नॉर्मल आला. डॉक्टरांनी दर काही वर्षांनी पुन्हा करायला सांगितलंय. लॅबचं उत्तर यायचंय. वहीत अकरा नावं झालीत. त्यातल्या सात जणांपुढे काकूने "हार्ट फेल" एवढंच सांगितलं, म्हणून आता एकेका घरी जाऊन विचारतोय. पोरीची सोयरीक काही मोडलेली नाही, कारण ती सध्या बारावीला आहे आणि तिला इतक्यात लग्नच करायचं नाहीये :-)