भिंतीवरचे परके शिपाई

कचेरीत हजेरीपट लिहिण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे. त्यामुळेच की काय, रोमन साम्राज्याविषयी वाचताना सम्राटांपेक्षा एक हजेरीपटच आमच्या मनात बसला.

ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवर विंडोलांडा नावाचे ठाणे होते. तिथल्या ओल्या मातीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत गेल्या. त्यांतल्या एकीवर पहिल्या शतकाच्या अखेरची, तुंग्री पलटणीची १८ मेची हजेरी आहे. पटावर ७५२, पण ठाण्यावर २९६. बाकीचे कामगिरीवर बाहेर. हजर असलेल्यांतही ३१ आजारी वा जखमी, पैकी १० जणांचे डोळे आलेले!

हे तुंग्री आजच्या बेल्जियमकडचे. रोमचे नागरिक लीजनमध्ये जात, जिंकलेल्या मुलखांतले लोक सहायक पलटणींत. १२२ साली हेड्रियनने ११७ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. ती उभारली मुख्यतः लीजनांनी. पहारा मात्र या परक्यांचा. त्यांत सिरियाचे तिरंदाजही होते.

पट्ट्यांवरची पत्रे अगदी घरगुती. कुणाला मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचा निरोप, तर एक अधिकारी कळवतो की माणसांची बिअर संपली आहे, पाठवण्याचा हुकूम व्हावा. क्लॉडिया सेव्हेरा ही अधिकाऱ्याची पत्नी मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते. वाढदिवस ११ सप्टेंबरचा, म्हणजे कधीकधी आपल्या गणपतीच्याच दिवसांतला.

अधिकाऱ्यांना कुटुंब आणता येई. साध्या शिपायाला लग्नाचीच परवानगी नव्हती. तरी ठाण्याबाहेर वस्ती वाढली, दुकाने आली, संसार मांडले गेले. २५ वर्षे चाकरी केली की नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला ब्राँझच्या दोन जोडपत्र्यांवर कोरलेला, सात साक्षीदारांच्या मोहरांचा; अभ्यासक त्याला ‘डिप्लोमा’ म्हणतात. (आमचा डिप्लोमा कागदाचा, आणि त्याने बढतीही मिळाली नाही.) सुरुवातीला त्या हक्कात मुलेही येत. १४० च्या सुमारास नियम बदलला आणि चाकरीत असताना झालेली मुले बहुतेक पलटणींत वगळली गेली. बाप रोमन, मुले परकी! एका फर्मानाने कितीक घरांत काय झाले असेल, हे सरकारी नोकराला वेगळे सांगायला नको. २१२ मध्ये काराकालाने जवळजवळ सर्व स्वतंत्र प्रजेला नागरिकत्व दिले, तेव्हा हा प्रश्न मिटला.

शिंद्यांच्या फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेल्या घराण्यांतले आम्ही. म्हणून भिंतीच्या पूर्व टोकाजवळ, साउथ शील्ड्सला सापडलेला एक दगड आम्हाला विसरता येत नाही. सिरियातल्या पाल्मिराच्या बाराथेसने तो बायकोसाठी उभारला. ती रेजिना, दक्षिण ब्रिटनची, आधी त्याची दासी, मग मुक्त केलेली; वयाच्या तिसाव्या वर्षी वारली. वरचा लेख लॅटिनमध्ये, त्यात व्याकरणाच्या चुका. खाली एकच ओळ पाल्मिराच्या लिपीत, सफाईने कोरलेली: बाराथेसने मुक्त केलेली रेजिना, हाय हाय!